मोटारसायकलस्वाराचा पाठटेकू

घोड्यावर मांड टाकून दूरचा पल्ला गाठणाऱ्याच्या खोगिराला मागील बाजूस एक उंचवटा असे. स्वार मागे घसरू नये हा त्याचा मुख्य हेतू. परंतु कंबरेलाही तेवढाच आधार मिळे. मोटारसायकलीच्या लांबट बैठकीवर तो उंचवटा उरला नाही. दोन माणसे मावावीत ही सोय आपल्याकडे अधिक मोलाची ठरली, आणि गावातल्या गावात हिंडणाऱ्याला त्यात काही उणे वाटण्याचे कारणही नाही. मात्र वडोदऱ्याहून निघून त्याच दिवशी इंदूर गाठू पाहणारा स्वार तिसऱ्या-चौथ्या तासाला बैठकीवर पुढे-मागे सरकू लागतो, वाटेत थांबून कंबरेवर हात ठेवतो आणि परत आल्यावर पाठटेकूची, म्हणजे बाजारात ज्याला बॅकरेस्ट म्हणतात त्या वस्तूची, चौकशी करतो.

येथे पहिला घोटाळा नावाचा होतो. दुकानात हा शब्द उच्चारताच बहुधा मागे बसणाऱ्याचा टेकू पुढे केला जातो. बजाजच्या अ‍ॅव्हेंजरसारख्या ऐसपैस गाड्यांमुळे तोच लोकांच्या परिचयाचा झाला आहे. स्वाराचा टेकू ही निराळी वस्तू होय. तो दोन बैठकींच्या मधोमध उभा राहतो, त्याची दांडी बैठकीखाली पोलादी पट्टीत बसविलेली असते आणि वरची गादी खाली-वर, पुढे-मागे सरकविता येते. अमेरिकेत मोठ्या प्रवासी मोटारसायकली वापरणाऱ्यांमध्ये त्याचा प्रघात जुना आहे. आपल्याकडे तो अलीकडे, पाय पुढे ठेवून बसावयाच्या गाड्यांबरोबर, मूळ धरू लागला.

पाय पुढे गेले की पाठीवर भार का येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. उभ्या माणसाच्या कंबरेचा कणा किंचित आत वळलेला असतो. माणूस बसला म्हणजे कटी मागे कलते आणि हा बाक सपाट होतो. पाय पुढे पसरले तर तो आणखी जातो. भर मग मणक्यांमधील चकत्यांच्या पुढच्या कडेवर पडतो. स्वीडिश शल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला, आणि आधाराविना बसल्यास तो उभे राहण्यापेक्षा वाढतो असे त्यांना आढळले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत हा फरक तेवढा मोठा दिसला नाही; तथापि मागे टेकून बसल्यावर दाब उतरतो, ही गोष्ट तेथेही दिसून आली. यात वाऱ्याची भर पडते. वेग दुप्पट झाला की छातीवरील वाऱ्याचा रेटा चौपट होतो. काच नसलेल्या गाडीवर तो रेटा स्वाराला मागे ढकलतो आणि त्याला हातांनी मुठी ओढून धरीत बसावे लागते. पाठटेकूचा खरा उपकार हाच, की ही ओढ हातांवरून निघून पाठीवर जाते.

आता तो कोठे टेकावा? दुकानातील गुबगुबीत, उंच गादी पाहून माणूस भुलतो. पण आधार हवा असतो तो कंबरेच्या खळग्यास, खांद्यांस नव्हे. खळग्याचा ठाव घेण्याची एक सोपी रीत आहे. दोन्ही हात कंबरेवर कटीच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवून अंगठे मागे वळवावेत. ते जेथे एकमेकांस भेटतात, तेथे साधारणपणे कंबरेचा चौथा मणका असतो. स्पंज दबलेल्या बैठकीपासून ही उंची मोजावी. पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरांच्या दरम्यान बहुतेकांचा आधार बसतो. मोजणी गाडीवर बसूनच आणि प्रवासातले जाकीट अंगात घालूनच करावी, कारण जाड जाकिटाने पाठ पुढे सरकते. गादी पाठीच्या रुंदीहून लहान असावी, कोपरे मागे नेताना आडवी येऊ नये. खांद्याच्या फऱ्यांपर्यंत चढणारी गादी तर घेऊच नये. मान वळवून मागची वाहने पाहावयास खांदे मोकळे लागतात.

पुढे-मागे सरकविण्याची मोजणी अधिक नाजूक आहे. टेकू फार मागे राहिला तर स्वार त्याला गाठण्यासाठी पाठीचा कमान करून बसतो, म्हणजे उपायच अपाय ठरतो. फार पुढे आला तर गुडघे आखडतात. टेकू बसवून झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे. बाहेरचा हात मूठ न सोडता पोहोचला पाहिजे. दोन्ही पाय पूर्वीइतकेच जमिनीस टेकतात की नाही, हेही पाहावे. दुकानदाराला घाई असली तरी स्वाराने ती करू नये.

दांडीच्या बाबतीत काटकसर अनाठायी आहे. प्रत्येक खड्ड्यागणिक पाठीचा हिसका वरच्या गादीवर बसतो आणि तरफेच्या न्यायाने तो खालच्या जोडावर कितीतरी मोठा होऊन उतरतो. म्हणून पट्टी सांगाड्याच्या भक्कम भागास बोल्टांनी जखडलेली असावी; बैठकीच्या प्लॅस्टिकच्या तळास नुसती स्क्रूने अडकविलेली चालणार नाही. पहिल्या लांब फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. रेक्झिनच्या शिवणीतून पावसाळ्यात पाणी आत जाते, तेव्हा शिवण वरच्या अंगास नसलेली बरी.

सर्वांत कमी विचार होतो तो मागे बसणाऱ्याचा. डिसेंबरच्या तीन तारखेस जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे फेस्त असते. त्यासाठी बेळगावहून चोर्ला घाट उतरणाऱ्या एखाद्या जोडप्याचे उदाहरण घ्यावे. शंभराहून अधिक किलोमीटरांची वाट, घाटात वळणामागून वळण. पत्नी साडी नेसून एका अंगास बसलेली, तिचा एक हात पतीच्या खांद्यावर. मधे पोलादी दांडीचा टेकू उभा असेल तर तिची जागा आकसते, आणि अचानक ब्रेक लागल्यास पतीच्या पाठीऐवजी तिचे तोंड किंवा छाती त्या दांडीवर आदळते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागच्या माणसासाठी धरावयाची मूठ, पाय ठेवावयास जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून जाळी आवश्यक ठरविली आहे. टेकू बसविताना यांपैकी काही काढून टाकणारा कारागीर कितीही कुशल असो, त्याच्याकडून काम करून घेऊ नये. मुळात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मज्जाव करते. म्हणून सांगाड्यास भोके न पाडता, वितळजोड न करता बसणारा आणि हाताने काढता येणारा टेकूच पाहावा. मागे कोणी बसणार असेल त्या दिवशी तो घरी ठेवावा. नुसता दुमडता येणारा टेकू एकट्याने प्रवास करणाऱ्यास ठीक आहे.

काहींना याची गरजच नसते. पुढे झुकून चालवावयाच्या गाडीवर पाठ टेकूपर्यंत पोहोचत नाही. खडबडीत वाटेवर पावठ्यांवर उभे राहून चालविणाऱ्याला तो अडथळाच होतो. कळ कंबरेतून उतरून पायात जात असेल, किंवा पायास बधिरता येत असेल, तर गॅरेज सोडून प्रथम डॉक्टरकडे जावयास हवे. आणि एखादी शंका उरलीच, तर पैसे खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग विनामूल्य करता येतो. एकट्याच्या प्रवासात कपड्यांची गच्च भरलेली पिशवी मागच्या बैठकीवर घट्ट आवळून बांधावी, कंबरेच्या खळग्याशी येईल अशी, आणि शंभर किलोमीटर जाऊन पाहावे.