दिवे न पाहता वाय-फाय जोडताना

काचबिंदूने किंवा मधुमेहाने पन्नाशीत दृष्टी गेलेल्या नागपूरकराला सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र मिळते. घरचे वाय-फाय जोडायला मात्र तो शेजारच्या पोराची वाट पाहतो आणि पासवर्डही त्या पोरालाच ठाऊक राहतो. बँकेचे व्यवहार याच वाय-फायवरून व्हायचे असतात!

खरे तर बरेचसे काम बोटांचे आहे. राउटरच्या मागचे खाचे चाचपून कळतात. इंटरनेटच्या वायरीला दोरा बांधला की घोळ होत नाही. तळाच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड मोबाइलचा कॅमेरा वाचून दाखवतो. संगणकावर ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते, मराठीतही. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ते लिहायला घेतले.

अडते दिव्यांपाशी. लाल की हिरवा, हे बोट सांगत नाही. काही राउटरांच्या सेटिंगमध्ये बटणांना नावेच नसतात. एनव्हीडीए नुसते ‘बटण, बटण’ म्हणत राहते. चित्रातली अक्षरे ओळखायला सांगितली, की खेळ खलास. डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले. राउटर बनवणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचायचे आहे. तोवर जोडणीला आलेल्या माणसाला, नवा पासवर्ड स्वतःच्या हाताने टाइप केल्याशिवाय जाऊ देऊ नये.