बॅकहँडवर आलेली फिरकी

लातूर आणि नांदेड यांची ओळख आज शिकवणी वर्गांची आणि प्रवेश परीक्षांची आहे. दहावी-बारावीच्या वर्षांत अनेक घरांत मुलांची बॅट कपाटावर जाते. वस्तुतः टेबल टेनिसचे अभ्यासाशी वैर नाही. २.७४ मीटर लांबीचे टेबल, २.७ ग्रॅम वजनाचा चेंडू आणि ११ गुणांचा डाव एवढ्या आटोपशीर भांडवलावर नजर, निर्णय आणि संयम यांची कसोटी लागते.

या कसोटीतील अवघड प्रश्न म्हणजे बॅकहँडवर येणारी टॉपस्पिन सर्व्हिस. दोन्ही खेळाडूंना आळीपाळीने दोन-दोन सर्व्हिस मिळतात; साहजिकच जवळपास निम्मे गुण प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसने सुरू होतात. ती परतवता आली नाही, तर हुशार मुलेही हिरमुसून खेळापासून दूर जातात.

टॉपस्पिनचा चेंडू पुढच्या दिशेने फिरत येतो. त्यामुळे तो हवेत लवकर खाली झुकतो, टप्पा पडताच पुढे झेपावतो आणि बॅटला लागताच वर उसळतो. नवशिका खेळाडू बॅट उघडी धरून त्याला नुसते ढकलतो. मग चेंडू टेबलाबाहेर तरी जातो, नाहीतर उंच उडून प्रतिस्पर्ध्याला स्मॅशची संधी देतो.

यावर उपाय साधा आहे. बॅटचा वरचा काठ पुढे झुकवावा. टप्प्यानंतर चेंडू चढत असतानाच त्याला पोटासमोर गाठावे. कोपर किंचित पुढे, मनगट सैल आणि फटका आखूड असावा. बॅट फार मागे नेऊ नये. वेग प्रतिस्पर्ध्याने दिलेलाच आहे, तो केवळ वळवायचा आहे. सर्व्हिस करताना चेंडू लपवण्यास नियमांची मनाई असल्याने बॅट चेंडूला कोठे घासते, हे नीट पाहावे.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाने अंतिम फेरीत सिंगापूरला ३-१ असे नमवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघात ठाण्याच्या मधुरिका पाटकर होत्या. संघातील मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर वापरतात; त्यावरून परतलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यालाच चकवतो. नवशिक्यांनी मात्र प्रथम साध्या रबराने ब्लॉक घटवावा.

एकाने सर्व्हिस करावी, दुसऱ्याने परतवावी. घरातील भावंडांनाही हा सराव रोज वीस मिनिटे करता येईल. समोरून आलेला वेग न घाबरता झेलण्याची सवय परीक्षेच्या वर्षातही उपयोगी पडते. पालकांनी तेवढा वेळ मुलांच्या वेळापत्रकात आवर्जून राखून ठेवावा.