वाढत्या मापाचा संगणक

बालरोगतज्ज्ञाकडे पालक केवळ ताप-खोकल्याच्या तक्रारी घेऊन येतात, असा कोणाचा समज असल्यास तो आता सोडावा. 'डॉक्टर, मुलगा गेमिंगचा संगणक मागतो, घेऊ का?' हा प्रश्न पेडणे-डिचोलीत हल्ली लसीकरणाइतक्याच गांभीर्याने विचारला जातो. २०२५ च्या पावसाळ्यात डिचोलीच्या एका ट्रकमालकांनी तो विचारला. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्यापासून त्या घरात पैसा मोजूनमापूनच खर्च झाला होता. नव्वद हजारांची तजवीज होती. पुन्हा एवढी रक्कम पाच-सहा वर्षे निघणार नव्हती. मुलाला ॲनिमेशनही शिकायचे होते.

शाळेचा गणवेश आई वाढत्या मापाचा घेते, तेच धोरण येथे योग्य. लॅपटॉप म्हणूनच बाद ठरला. त्यातील ग्राफिक्स चिप पुढे बदलता येत नाही.

पाया मदरबोर्डचा. एएमडीची एएम-४ बैठक २०१६ ची. पण त्या काळच्या अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसू शकला. एका बोर्डाचे एवढे आयुष्य! २०२२ मध्ये आलेल्या एएम-५ ला २०२७ पर्यंत व त्यापुढेही आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. उलट इंटेलची एलजीए १७०० बैठक चौदाव्या पिढीपाशी थांबली. म्हणून बी-६५० बोर्ड आणि सहा कोअरचा रायझन ५ ७६०० निवडला. त्यात अंगचे ग्राफिक्स आहे. कार्ड बिघडले तरी अभ्यास अडत नाही.

सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. येथे आठ जीबीवर समाधान मानू नये, हे माझे स्पष्ट मत. रॅम मागाहून वाढवता येते, कार्डावरची स्मृती नाही. सोळा जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी घेतले. रॅमची सोळाची एकच पट्टी घेतली. दोन पट्ट्यांनी वेग थोडा अधिक मिळतो हे खरे. परंतु आठ-आठच्या दोन पट्ट्या पुढे काढूनच टाकाव्या लागतात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढून रॅमचे भाव भडकले आणि दुसरी पट्टी लांबणीवर पडली.

दुकानदार काटकसर सुचवतात ती नेमकी पॉवर सप्लायमध्ये. ती अजिबात करू नये. कार्ड १६० वॉट, प्रोसेसर ६५ वॉट. तरीही ६५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा घेतला, कारण उद्याचे कार्ड अधिक भुकेले असेल. आपल्याकडे पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होतो. तेव्हा नीट अर्थिंग आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस हवा.

व्यसनाचे काय? १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये गेमिंग विकाराची नोंद आहे. परंतु ताबा सुटणे, इतर सारे मागे पडणे, हानी दिसूनही खेळत राहणे हे सामान्यतः बारा महिने टिकल्यावरच ते निदान होते. आईने धाडकन ते नाव देऊ नये. संगणक बैठकीच्या खोलीत ठेवावा, एवढे मात्र मी सांगितले.

पेडण्याच्या किनाऱ्याला खारी हवा, डिचोलीला तांबडी धूळ. म्हणून जाळीच्या कॅबिनेटचे फिल्टर महिन्याला झटकायचे. ते काम मुलाकडे आहे.