रोख साहाय्य आणि शेतकरी कुटुंब : पश्चिम केनियातील अनुभव

दरिद्री कुटुंबाच्या हाती रोख पैसा द्यावा, की धान्य, बियाणे, गाय, शिवणयंत्र अशा वस्तुरूपाने त्यास साहाय्य करावे, हा वाद जुना आहे. रोख रकमेविरुद्ध नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, ती गुत्त्यात जाते, नाहीतर चार दिवसांच्या चैनीत संपते. आक्षेप घेणारे स्वतःचे वेतन मात्र रोखच स्वीकारतात, ही गोष्ट सोडून दिली तरी प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे. ही तपासणी ज्या ठिकाणी फार बारकाईने झाली, ते ठिकाण म्हणजे केनियाच्या पश्चिमेस व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा सिआया जिल्हा.

या भागात प्रामुख्याने लुओ समाजाची वस्ती आहे. मका, ज्वारी व घेवडा ही मुख्य पिके. पाऊस वर्षातून दोनदा पडतो आणि शेती बव्हंशी त्यावरच अवलंबून असते. पीक हाती येण्यापूर्वीचे महिने ओढाताणीचे. त्या काळात घरची माणसे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जातात आणि स्वतःच्या शेतातील निंदणी मागे पडते. पुढे सुगीत भाव उतरलेले असताना मका विकावा लागतो, व काही महिन्यांनी तोच मका चढ्या भावाने विकत घ्यावा लागतो. याला अज्ञान म्हणणे चुकीचे ठरेल. पश्चिम केनियातच झालेल्या व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुगीच्या वेळी कर्ज मिळालेल्या कुटुंबांनी धान्य राखून ठेवले आणि नंतर चांगल्या भावाने विकले. अडचण हिशेबाची नसून त्या घटकेला हाती पैसा नसण्याची होती.

‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने येथे गरजू कुटुंब ओळखण्यासाठी एक साधी खूण वापरली : घरावर गवताचे छप्पर असणे. पैसे पोचविण्याचे काम 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘एम-पेसा’ या भ्रमणध्वनीवरील व्यवहारपद्धतीने सोपे केले. रारिएडा भागात 2011-12 मध्ये, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यदृच्छेने निवडलेल्या कुटुंबांना कोणतीही अट न घालता रक्कम देण्यात आली. काहींना 25,200 शिलिंग मिळाले, काहींना 95,200. काहींना एकरकमी, काहींना मासिक हप्त्यांनी. कोठे पतीच्या नावे, कोठे पत्नीच्या. या प्रयोगाचे निष्कर्ष योहानेस हाउसहोफर व जेरेमी शापिरो यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केले. साहाय्य न मिळालेल्या कुटुंबांचा मासिक उपभोगखर्च क्रयशक्तीच्या हिशेबाने सुमारे 158 डॉलर होता. लाभार्थी कुटुंबांचा त्याहून सुमारे 36 डॉलरांनी अधिक भरला. मद्य व तंबाखू यांवरील खर्चात वाढ आढळली नाही. मत्ता वाढली ती मुख्यतः दोन रूपांत, जनावरे आणि पत्र्याचे छप्पर.

या छपराचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे. गवती छप्पर वरवर पाहता फुकटचे वाटते. पण ते गळते, कुजते आणि पुन्हापुन्हा शाकारावे लागते. गळक्या घरात अंथरूण भिजते, साठविलेले धान्यही भिजते. पत्रा एकदाच घालावा लागतो, शिवाय त्यावरून पावसाचे पाणी धरून ठेवता येते. दीर्घकाळाच्या हिशेबात तोच स्वस्त. तरीही कुटुंब दरवर्षी गवतच घालते, याचे कारण पत्र्याएवढी रक्कम एकत्र साठत नाही. थोडे शिल्लक पडले की आजारपण, शाळेची फी किंवा अंत्यविधी ते गिळून टाकतो. म्हणजे जो अधिक गरीब, त्याला निवारा अधिक महाग पडतो. रारिएडातील आकडे याच्याशी जुळतात : एकरकमी साहाय्य टिकाऊ वस्तूंकडे वळले, तर मासिक हप्त्यांमुळे अन्नाची निश्चिती अधिक वाढली. रक्कम पतीला दिली की पत्नीला, याने आर्थिक परिणामांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. स्त्रीच्या हाती पैसा दिल्यास तो निराळ्या रीतीने खर्च होतो, या बहुप्रचलित समजुतीला तेथे पुष्टी मिळाली नाही.

शेजाऱ्यांचे काय? रारिएडात एकाच गावात काही पात्र कुटुंबांना रक्कम मिळाली व काहींना नाही. ज्यांना मिळाली नाही त्यांच्या समाधानात घट झाल्याचे आढळले. यात नवल नाही. शेजारच्या घरावर पत्रा चढताना पाहणे ही सोपी गोष्ट नव्हे.

पुढील प्रयोग बराच मोठा होता. सिआया जिल्ह्यातीलच 653 गावांच्या या अभ्यासात निवडलेल्या गावांतील सर्व पात्र कुटुंबांना, म्हणजे 10,500 हून अधिक घरांना, प्रत्येकी सुमारे 1,000 डॉलर देण्यात आले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साहाय्य न मिळालेल्या कुटुंबांचाही उपभोगखर्च वाढला. स्थानिक अर्थव्यवस्थेतील गुणक सुमारे अडीच निघाला, आणि भाववाढ मात्र सरासरी 0.1 टक्क्याच्या आसपासच राहिली. एवढा पैसा ओतूनही भाव का भडकले नाहीत? खेड्यातील पिठाची गिरणी दिवसाचा बराच वेळ गिऱ्हाइकाची वाट पाहत असते. शिंप्याचे यंत्र, दुकानदाराचा वेळ यांचीही तीच स्थिती. मागणी वाढली की हीच रिकामी शक्ती कामास लागते, नवे भांडवल फारसे घालावे लागत नाही. अर्थात हा गुणक जसाच्या तसा उचलून इतरत्र लावणे धोक्याचे. जेथे दुकाने, कारागीर व बाजाराचे रस्ते आधीच अपुरे आहेत, तेथे तोच पैसा भाव चढवू शकेल.

याच गावांच्या नोंदींवरून 2025 मध्ये मांडलेला निष्कर्ष अधिक गंभीर विषयाचा आहे. साहाय्य मिळालेल्या कुटुंबांत अर्भकमृत्यूंचे प्रमाण सुमारे 48 टक्क्यांनी घटल्याचे त्यात म्हटले आहे. प्रसूतीच्या आगेमागे रक्कम हाती आली, तेव्हा रुग्णालयात बाळंत होणे परवडले आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मातेला कष्टाच्या कामातून काहीशी उसंत मिळाली. रक्कम येणे थांबल्यावर हा परिणाम ओसरला, हेही त्याच अभ्यासात आढळले. छप्पर वर्षानुवर्षे टिकते. बाळंतपणाची वेळ मात्र रकमेची वाट पाहत नाही.

भारतात 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’ योजनेचे स्वरूप वेगळे आहे. तीत वर्षाला 6,000 रुपये, 2,000 रुपयांच्या तीन हप्त्यांनी मिळतात. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये त्यात तेवढ्याच रकमेची भर जाहीर केली. रारिएडाचा अनुभव प्रमाण मानला, तर एवढ्या लहान हप्त्यांतून घराचे छप्पर बदलण्याची अपेक्षा करता येणार नाही. बी-खत आणि किराणा यांची तात्पुरती नड भागेल इतकेच. निवडीची खूणही निराळी आहे. सिआयात छप्पर पाहिले गेले, येथे सातबारा. त्यामुळे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा आणि भूमिहीन शेतमजूर, ज्यांच्या घरावर गवताचे छप्पर असण्याचा संभव अधिक, तेच या योजनेच्या बाहेर राहतात.