मुलांमधील स्वादुपिंडाच्या गाठी

'स्वादुपिंडात गाठ आहे' हे शब्द कानी पडताच पालक बहुधा आशाच सोडतात; प्रौढांच्या या कर्करोगाविषयी त्यांनी बरेच ऐकलेले असते. मुलांच्या बाबतीत मात्र तो अनुभव जसाच्या तसा लागू पडत नाही, हे आम्ही येथे आवर्जून नमूद करू इच्छितो.

किशोरवयीन मुलींमध्ये प्रामुख्याने आढळणारी गाठ 'सॉलिड स्यूडोपॅपिलरी' या नावाने ओळखली जाते. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ व्हर्जिनिया फ्रान्ट्झ यांनी १९५९ साली तिचे वर्णन केले. ती सावकाश वाढते. पोटदुखी वा हाताला लागणारा गोळा, एवढेच लक्षण असते. कित्येकदा पोटाला मार लागला म्हणून केलेल्या सोनोग्राफीत ती अकस्मात दिसते. ती पूर्णपणे काढता आली, तर १०० पैकी सुमारे ९५ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. लहान बालकांमधील पॅनक्रिएटोब्लास्टोमा अधिक आक्रमक असून तेथे केमोथेरपीचीही जोड लागते. इन्सुलिनोमामध्ये रक्तातील साखर उतरून झटके येतात व ते अपस्माराचे समजले जातात.

शस्त्रक्रियेच्या मोठ्या बिलासाठी मदतीचे हात पुढे येतात. नंतरचा खर्च मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही: प्लीहा काढल्यास द्याव्या लागणाऱ्या लसी, पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, साखरेची तपासणी, वर्षानुवर्षांचे स्कॅन. हिशेबाच्या वहीत या रकमा किरकोळ दिसतात. पण त्यांच्याच अभावी मूल तपासणीस येईनासे होते. देणगीचा काही अंश या पाठपुराव्यासाठी राखून ठेवण्यास देणगीदारांनी अनुमती द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.