खुणेची सोय आणि नोंदीची शिस्त

पत्राच्या माथ्यावर ‘सा. न. वि. वि.’ एवढी चार अक्षरे दिसली, की वाचणारा ती ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ अशी पूर्ण करून घेतो. 2012 साली जाहीर झालेल्या ज्युलिया या संगणकभाषेतील ‘मॅक्रो’ याच जातीचा आहे. लिहिणाऱ्याने छोटी खूण करावी आणि काम सुरू होण्यापूर्वी यंत्राने तिच्या जागी सविस्तर मजकूर घालून घ्यावा, एवढाच त्याचा व्यापार.

ज्युलियात आलेख, कोष्टके, समीकरणे यांसाठी तयार आज्ञासंच मिळतात. त्यांना पॅकेज म्हणतात. पॅकेज आधी यंत्रावर बसवावे लागते. पुढे प्रत्येक बैठकीत ते ‘युझिंग’ या आज्ञेने मागवावे लागते. न बसवलेले मागितले, तर काम तेथेच अडते. म्हणून पॅकेज आहे का ते पाहणारा, नसल्यास बसवणारा आणि मग मागवणारा मॅक्रो पुष्कळजण लिहितात.

साध्या फंक्शनने हे सहजासहजी साधत नाही. फंक्शनला नाव दिले, की यंत्र प्रथम त्या नावाची वस्तू शोधते. आणि ती तर अजून आलेलीच नसते. शिवाय फंक्शनच्या पोटात ‘युझिंग’ लिहिण्यास भाषेची मनाई आहे. मॅक्रोच्या हाती मात्र वस्तू न येता तिचे नुसते नाव येते. त्या नावावरून तो बसवण्याची व मागवण्याची आज्ञा रचून परत देतो आणि ती त्या खुणेच्या जागी, फंक्शनबाहेर, अमलात येते.

परंतु या सोयीला एक किंमत आहे. प्रत्येक कामाच्या ‘प्रोजेक्ट’ फायलीत पॅकेजांची नावे व ‘मॅनिफेस्ट’ फायलीत त्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदलेल्या असतात. संशोधकाचे गणित दुसऱ्याने वर्षांनंतर पडताळायचे, तर त्याला आधार या नोंदींचाच. त्यांवरून ‘इन्स्टॅन्शिएट’ ही आज्ञा तोच संच पुन्हा उभा करते. मॅक्रोने परस्पर पॅकेज बसवले, की या नोंदी नकळत बदलतात. क्वचित आधीच्या पॅकेजांच्या आवृत्त्याही बदलतात. मग उत्तर वेगळे आले, तर चूक गणिताची की सामग्रीची, हे कळणे कठीण होते.

2021 साली आलेल्या 1.7 या आवृत्तीने यावर सुज्ञ तोड काढली. समोर बसून काम करणाऱ्याने नसलेले पॅकेज मागितले, की ज्युलिया आधी विचारते : बसवू का? मॅक्रो लिहिणाऱ्यानेही हाच धडा घ्यावा. हातांचे श्रम त्याने खुशाल वाचवावेत. होकार मात्र माणसाचाच असावा.