क्लिअरिंगमधली उमेदवारी

परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवून देणारा माणूस कसा तयार होतो, हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. कायद्याचा प्रवास मात्र नीट नोंदलेला आहे. दुसऱ्याच्या वतीने कस्टमचं काम करायचं तर लायसन्स हवं, हे १९६२च्या कस्टम्स कायद्याच्या १४६व्या कलमाने ठरवलं. १९८४मध्ये त्यासाठी सविस्तर नियमावली आली. ती २००४मध्ये बदलली, २०१३मध्ये कस्टम हाऊस एजंटाचा कस्टम ब्रोकर झाला आणि आज २०१८चे नियम लागू आहेत. या काळात मुंबईत हे काम शिकण्याची रीत मुळापासून बदलली. त्यात काय हाती आलं आणि काय निसटलं, याचा हिशेब आम्ही धंदेवाल्यांनी अजून मांडलेला नाही.

मी या कामात शिरलो ते १९९१च्या आर्थिक सुधारणांनंतर लगेचच. तेव्हा उमेदवारीची सुरुवात कागद पोचवण्यापासून व्हायची. बिल ऑफ एंट्री छापील फॉर्मवर टाइप होई. माल थेट सोडवायचा तर पांढरं, बाँडच्या गोदामात ठेवायचा तर पिवळं आणि बाँडमधून बाहेर काढायचा तर हिरवं. हे बिल घेऊन बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाऊसमध्ये आधी नोटिंग करायचं, मग त्या मालाच्या अप्रेझिंग ग्रुपकडे जायचं, पुढे ऑडिट, ड्यूटीचा भरणा आणि शेवटी डॉकमध्ये तपासणी होऊन ‘आउट ऑफ चार्ज’चा शेरा. नवा मुलगा हे सगळं पायी फिरून शिकायचा. वरिष्ठ अप्रेझरसमोर बाजू मांडत असताना तो मागे उभा राहून ऐकायचा. अप्रेझर काय विचारतो, कुठल्या उत्तराने त्याचं समाधान होतं, कॅटलॉगचं कुठलं पान पुढे करायचं, हे तिथे कानावर पडायचं. त्याला शिक्षण म्हणावं असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

खरी तालीम मात्र ऑफिसच्या टेबलावर व्हायची. आमच्या ऑफिसातले एक काका नव्या मुलाला इन्व्हॉइस देत आणि ड्यूटी पेन्सिलीने काढून आण म्हणत. किंमत एफओबी आहे की सीआयएफ, हे आधी बघायचं. भाड्याचा आकडा मिळत नसेल तर एफओबीच्या २० टक्के धरायचे, विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के, आणि त्या बेरजेवर एक टक्का लँडिंग चार्ज. मग बेसिक ड्यूटी, ती मिळवून आलेल्या रकमेवर सीव्हीडी. एक पायरी चुकली की खालचे सगळे आकडे चुकत आणि कागद परत येई.

वर्गीकरणही काका असंच शिकवत. मशिनबरोबर मऊ रबराची गॅस्केट आली आहे, कुठे घालशील? नवा मुलगा हमखास ८४वं प्रकरण सांगायचा, कारण पार्ट मशिनचा. काका टॅरिफचं जाडजूड पुस्तक उघडून सोळाव्या विभागाची पहिलीच टीप त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेत. मशिनमध्ये वापरायच्या असल्या रबरी वस्तू त्या विभागातून वगळलेल्या आहेत. गॅस्केट जाते ४०व्या प्रकरणात, ४०१६खाली. हेडिंग शोधण्याआधी टीप वाचायची, ही सवय त्या मुलांना जी लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

त्या व्यवस्थेचे दोष मोठे होते, तेही सांगायला हवेत. काही मुलं वर्षानुवर्षं कागदच वाहत राहिली, कारण वरचा माणूस आपली विद्या हातची सोडायला तयार नसे. टेबलाटेबलांवर वेळ आणि पैसा दोन्ही जाई, आणि तेवढ्यात माल डेमरेजमध्ये पडे. मुलींना या कामाची दारं जवळजवळ बंदच होती.

दरम्यान कामाची जागा हलली होती. न्हावा-शेवा बंदर १९८९मध्ये सुरू झालं आणि इंदिरा डॉक, प्रिन्सेस डॉकच्या शेडमधली खोकी मागे पडून कंटेनर आले. सुरुवातीला फोर्टमधली माणसं भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने पलीकडे जात. पुढे द्रोणागिरीत कंटेनर फ्रेट स्टेशनं उभी राहिली आणि उरण-पनवेलची मुलं या धंद्यात आली. पण ऑफिस एका तीरावर आणि माल दुसऱ्या तीरावर, अशी कामाची फाळणी झाली. कागद करणाऱ्याला माल दिसेना, माल बघणाऱ्याला कागदामागचा विचार कळेना.

मग संगणक आले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बिलं स्क्रीनवर भरली जाऊ लागली आणि रांगा संपल्या. मोठा बदल २०११चा. स्वयंनिर्धारण आलं, म्हणजे वर्गीकरण आणि ड्यूटी ठरवण्याची पहिली जबाबदारी आयातदाराची, आणि पर्यायाने त्याच्या ब्रोकरची. २०१८मध्ये ई-संचितने कागदी जोडपत्रं घालवली. २०२०मध्ये फेसलेस असेसमेंट देशभर लागू झाली. आज न्हावा-शेव्यात भरलेलं बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. त्याची शंका दोन ओळींत स्क्रीनवर येते आणि उत्तरही लेखीच जातं.

हे चांगलंच झालं, असं मी मनापासून मानतो. माल लवकर सुटतो, ओळखीपाळखीवर काम अडत नाही, आणि डॉक्युमेंटेशनच्या टेबलांवर आज मुली आत्मविश्वासाने बसलेल्या दिसतात. पण मागे उभं राहून ऐकायची जागा मात्र नाहीशी झाली. सॉफ्टवेअर ड्यूटी आपोआप काढतं, त्यामुळे ती कशी निघते हे अनेक नव्या मुलांनी एकदाही करून पाहिलेलं नसतं. जुन्या बिलातला एचएस कोड नव्या बिलात उचलून टाकणं यालाच ती वर्गीकरण समजतात. यात त्यांचा दोष नाही, त्यांना दुसरं काही दाखवलेलंच नाही.

आणि जबाबदारी तर वाढत चालली आहे. ग्राहकाची ओळख, पत्ता, आयईसी, जीएसटी क्रमांक तपासणं हे ब्रोकरचं कर्तव्य आहे. ग्राहक नियम मोडत असेल तर ते अधिकाऱ्यांच्या नजरेला आणणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. मुक्त व्यापार कराराची सवलत घ्यायची तर २०२०पासून नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही. माल त्या देशाचा कसा ठरतो, याची माहिती आयातदारापाशी असावी लागते. ती त्याच्याकडून काढून घ्यायला प्रश्न विचारता यावे लागतात.

एच कार्डावर मदतनीस, परीक्षा देऊन जी कार्ड आणि सहीचा अधिकार, त्यापुढे लायसन्सची परीक्षा आणि एफ कार्ड, ही शिडी अजून उभी आहे. परीक्षा कायद्याचं ज्ञान तपासते आणि ते तिने तपासावंच. पण सीएच्या विद्यार्थ्याला आर्टिकलशिप असते, तशी देखरेखीखालची उमेदवारी जी कार्डाच्या परीक्षेआधी सक्तीची करायला हवी. त्या काळात मुलाने सॉफ्टवेअर न उघडता ठरावीक बिलांची ड्यूटी हाताने काढावी, प्रत्येक वर्गीकरणाखाली कुठल्या टीपेचा आधार घेतला ते लिहावं, महिन्यातून काही दिवस द्रोणागिरीत जाऊन कंटेनर उघडताना हजर राहावं, आणि त्या वहीवर एफ कार्डधारकाने सही करावी. ब्रोकरांच्या संघटनांनी ही मागणी स्वतःहून कस्टमपुढे ठेवली, तर काकांसारखे जे मोजके लोक अजून कामावर आहेत त्यांच्या हाताखाली एक तरी तुकडी तयार होईल.